प्रेमळ, कष्टाळू, प्रार्थनाशील : आजीची आठवण एवढ्यावर थांबू नये म्हणून

दफनविधीच्या दिवशी पाळकसाहेबांच्या हातात घाईघाईने जो कागद दिला जातो, त्यावर बहुधा तीनच विशेषणं असतात : प्रेमळ, कष्टाळू, प्रार्थनाशील. त्या दिवशी तेवढंच जमतं. पण पहिला स्मरणदिन यायला वर्ष असतं, आणि तरी तोच कागद चार ओळी वाढवून पुन्हा वाचला जातो. खाली दिलेली पद्धत खानदेशातल्या ख्रिस्ती घरांसाठी आहे. तीन महिन्यांच्या कामातून ३२ पृष्ठांची स्मरणपुस्तिका आणि उपासनेत वाचायचा सहा मिनिटांचा जीवनवृत्तांत अशा दोन गोष्टी हाती येतात.

खानदेशाला या कामाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी त्यांच्या ओव्या ऐकून कागदावर उतरवल्या, म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतर, त्या छापता आल्या. आपल्या आजीने कविता केल्या नसतील, पण तिचं बोलणं उतरवून घेणारं कोणीतरी लागतंच.

पहिला आठवडा : लिहायचं नाही, माणसं मोजायची

सुरुवात फोटोंपासून करू नका. फोटो ट्रंकेत सुरक्षित आहेत, माणसं तशी नाहीत. एका कागदावर आजीला ओळखणाऱ्यांची यादी करा आणि ती वयाप्रमाणे लावा, नात्याप्रमाणे नाही. सर्वात वर येईल ती तिची धाकटी बहीण, नणंद, बोर्डिंगमधली मैत्रीण, सोबतची नर्स किंवा शेजारीण. मुलं-सुना या यादीत खाली येतात आणि त्यांनी तसं यावं. मुलांना आई माहीत असते; ती मुलगी कशी होती, हे बहिणीलाच माहीत असतं.

सात-आठ मुलाखती पुरतात. त्यापुढे तेच तेच येऊ लागतं. घरातल्या दोघांनी जावं, एकाने बोलावं आणि दुसऱ्याने वहीत फक्त नावं, गावं, साल टिपावीत. मोबाईलच्या रेकॉर्डरवर गावाचं नाव नीट ऐकू येत नाही : ‘वडाळी’ की ‘वडली’ हे महिनाभराने कोणीच सांगू शकत नाही.

रेकॉर्डिंगच्या काही गोष्टी नेहमी फसतात. मोबाईल विमान मोडवर टाका, नाहीतर नेमक्या वेळी फोन येतो. तो टेबलावर थेट ठेवू नका, घडी केलेल्या टॉवेलवर बोलणाऱ्यापासून हात-दीड हातावर ठेवा. टेबलाचा प्रत्येक ठोका माइकमध्ये जातो. पंख्याचा आवाज सगळ्यात वाईट. पण जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला पंखा बंद करून बसवणं हा छळ आहे, म्हणून उन्हाळ्यात मुलाखत सकाळी सात ते नऊमध्ये उरका. एका बैठकीला ४० मिनिटं पुष्कळ. घरी आल्यावर फाईलला लगेच नाव द्या : तारीख, कोण, कुठे. एक प्रत मोबाईलमध्ये, एक संगणकावर, एक पेनड्राईव्हवर दुसऱ्याच घरी.

एक तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला चार ते सहा तास लागतात, हे आधीच धरून चाला. मोबाईलवर बोलून टाइप करण्याची सोय प्रमाण मराठीला ठीक चालते, अहिराणीचा मात्र चुराडा करते. आजी ‘शे’ म्हणत असेल तर ‘आहे’ करू नका. ‘मना’, ‘तुना’ यांचं ‘माझा’, ‘तुझा’ करू नका. नवापूर-अक्कलकुव्याकडे आजी मावची किंवा भिली बोलत असेल, तर तिची वाक्यं ती भाषा बोलणाऱ्याकडूनच देवनागरीत लिहून घ्या आणि मराठी अर्थ खालच्या ओळीत द्या. बोली सुधारून छापली की आजीऐवजी शाळेच्या पुस्तकातली बाई बोलू लागते.

काय विचारायचं

“आजी कशी होती?” या प्रश्नाला उत्तर येतं, “फार चांगली होती.” मुलाखत तिथेच संपते. वस्तू, वेळ आणि मोजमाप विचारा.

कामाबद्दल : पहाटे उठायची ती किती वाजता, आणि आधी काय, चूल की प्रार्थना? कापूस वेचायला जात असेल तर मजुरी वजनावर होती की रोजावर, ओटी कशाची बांधायची, पाणी कोण आणायचं? नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला बसत असेल, तर हातांची आग शमवायला काय लावायची? दवाखान्यात नर्स असेल, तर रात्रपाळीला किती खाटा एकटीवर असायच्या? शिक्षिका असेल तर कोणती इयत्ता, एका खोलीत किती वर्ग? बायबलबाई म्हणून (बायकांना बायबल वाचून सांगत) गावोगाव फिरली असेल तर कोणत्या गावांना, पायी की बैलगाडीने, सोबत कोण, मुक्काम कुठे? मिशनचे तंबूतले दौरे हिवाळ्यात असत, तेव्हा घरी लेकरांना कोण बघायचं, हाही प्रश्न विचारा. त्याचं उत्तर सहसा थोरल्या मुलीकडे असतं आणि ते गोड असेलच असं नाही.

माहेराबद्दल आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, विचारा. खानदेशात सासुरवाशिणीच्या आठवणी आखाजीच्या झोक्याला बांधलेल्या असतात, आणि पुष्कळ ख्रिस्ती घरांतही लेकी त्या दिवसांत माहेरी येत आल्या आहेत. कानबाईचा, म्हणजे श्रावणात घरोघर बसणाऱ्या देवीचा, प्रश्न जरा नाजूक, पण तो सोडू नका. बहिणीच्या घरी रोट, म्हणजे कानबाईचा नैवेद्य, असताना आजी जायची का? गेली तर कुठे बसायची, काय खायची? एका कुटुंबात दोन श्रद्धा कशा नांदल्या, हे अशा एका उत्तरातून जेवढं कळतं तेवढं पानभर ‘सलोखा’ लिहून कळत नाही. जे सांगितलं जाईल ते तसंच लिहा. बाप्तिस्म्याच्या वेळी घरच्यांनी अबोला धरला असेल तर तेही लिहा, मात्र कोणाला खलनायक करू नका. त्यांची नातवंडं स्मरणदिनाला तुमच्याच पंगतीत बसणार आहेत.

तारखा जुळवणं

इथे सर्वाधिक चुका होतात. शाळेच्या दाखल्यावर किंवा आधार कार्डावर जन्मतारीख १ जून असेल तर ती शंकेची समजा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, मास्तर अंदाजाने साल धरून १ जून टाकायचे. पुस्तिकेत “कागदोपत्री १ जून १९४१” असं लिहा, “जन्म १ जून १९४१” असं नाही.

खरी तारीख शोधायला मंडळीचं, म्हणजे चर्चचं, रजिस्टर बघा. पाळकसाहेबांना आधी पत्र द्या, रविवारी उपासनेनंतर घाईत विचारू नका. पत्रात आजीचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि अंदाजे पाच वर्षांचा पट्टा लिहा. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन अशा तीन नोंदी मागा. शिशु-बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीत बाप्तिस्म्याची तारीख जन्माच्या जवळची असते. ज्या मंडळ्या समजत्या वयात, स्वतः साक्ष दिल्यावर बाप्तिस्मा देतात, तिथे ती बारा-पंधरा वर्षं किंवा त्याहूनही पुढची असते. खानदेशात दोन्ही परंपरा आहेत. आपली कोणती हे न बघता वय काढलं की आजी पंधरा वर्षांनी लहान होते. रजिस्टरमध्ये आडनाव वेगळं किंवा नाव बाप्तिस्म्याआधीचं सापडलं तर खाडाखोड न करता दोन्ही द्या.

जुन्या कागदांवरचा जिल्हाही गोंधळात टाकतो. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले; पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. म्हणून नवापूरच्या आजीच्या जुन्या दाखल्यावर ‘पश्चिम खानदेश’, पेन्शनच्या कागदावर ‘धुळे’ आणि आधारवर ‘नंदुरबार’ असेल, तर तिने तीन वेळा घर बदललं असा अर्थ काढू नका. मिशनच्या नावांचंही तसंच. धुळे-नंदुरबार भागात काम केलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने १९४९ मध्ये ‘द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’ म्हणजे ‘टीम’ हे नाव घेतलं. लेटरहेडवर जुनं नाव असेल तर बिनतारखेचं पत्रही बहुधा त्याआधीचं. ‘सीएनआय’ छापलेला कागद १९७० च्या अखेरच्या आधीचा असू शकत नाही, कारण चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापनाच २९ नोव्हेंबर १९७० ला झाली.

ज्याला कागद नाही त्याला ‘आधी की नंतर’ लावा. घराच्या भिंतीवर मोठा कागद चिकटवा आणि त्यावर सगळ्यांना आठवतात अशा खुणा मांडा : डिसेंबर १९३६ ची फैजपूर काँग्रेस, जानेवारी १९४८ ची गांधीहत्या, एप्रिल १९५७ ला आलेले नवे पैसे, १ मे १९६०, १९६२ चं चीनचं युद्ध, १९७२ चा दुष्काळ, १९७५ ची आणीबाणी. मग विचारा : “थोरल्या मामाचा जन्म दुष्काळाआधी की नंतर? आजी खडी फोडायला गेली तेव्हा तो कडेवर होता की चालत होता?” म्हाताऱ्या माणसाला साल आठवत नाही, पण कडेवरचं लेकरू आठवतं. ‘आखाजीच्या दुसऱ्या दिवशी जन्मली’ असं कोणी म्हणालं तर एप्रिलची अखेर ते मेचा मध्य एवढा पट्टा नक्की झाला. कानबाईचा रविवार सांगितला तर श्रावण.

आजीचं बायबल

विश्वासाबद्दलचं प्रकरण इतरांच्या साक्षींवर उभं करू नका. तिचं बायबल उघडा. दोन दिवस लागतात, पण दुसरं कुठलंच साहित्य इतकं बोलत नाही.

हात धुऊन कोरडे करा. बायबल पूर्ण सपाट उघडलं की जुनी शिवण तुटते, म्हणून दोन्ही बाजूंना उशी देऊन इंग्रजी ‘व्ही’सारखं उघडा. आत ठेवलेली पानं, वर्गणीच्या पावत्या, नातवंडांचे फोटो, वाळलेली फुलं जागेवरून हलवण्याआधी त्या पानाचा फोटो काढा. पावती स्तोत्र ९१ जवळ का आहे, हे कदाचित तिच्यावरच्या तारखेने कळेल. मग एका वहीत रकाने आखा : पुस्तक, अध्याय, ओवी (म्हणजे वचन), शाई की पेन्सिल, समासात काय लिहिलंय. अधोरेखित केलेली प्रत्येक ओवी नोंदवा. शेवटी मोजा. स्तोत्रसंहितेत किती, शुभवर्तमानांत किती, आणि ज्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही असं काय! समासात तारीख असेल तर ती भिंतीवरच्या कागदाशी जुळवा. कोणाचं ऑपरेशन, कोणाचं लग्न, कोणाची मयत, हे तिथेच उघड होतं.

ओवी छापताना तिच्याच बायबलमधून उतरवा. मराठी भाषांतरं अनेक आहेत, पंडिता रमाबाईंचंही आहे, आणि शब्द बदलतात. मोबाईलच्या ॲपमधली ओवी चिकटवली की आजी तोंडपाठ म्हणायची ती ओवी राहत नाही, आणि पहिल्या बाकावरच्या बायका ते लगेच ओळखतात. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातल्या तिच्या आवडत्या गीतांची पहिली ओळ द्या, नुसता क्रमांक नको, आवृत्तीगणिक क्रमांक बदलू शकतो. संपूर्ण गीतं छापून पानं भरू नयेत.

मुखपृष्ठासाठी बहुतेक जण नीतिसूत्रे ३१, म्हणजे सद्गुणी स्त्रीचं वर्णन, घेतात. ते वाईट नाही, पण गावातल्या प्रत्येक पुस्तिकेवर तेच आहे. २ तीमथ्य १:५ पाहा : तिथे पौल तीमथ्याच्या विश्वासाचा माग त्याची आई युनीके आणि त्याआधी आजी लोईस हिच्यापर्यंत नेतो. नातवंडांनी काढलेल्या पुस्तिकेला याहून नेमकी ओवी मिळणं कठीण. अर्थात आजीने स्वतः दुसरी ओवी अधोरेखित केली असेल तर तीच घ्या.

प्रार्थनेबद्दल लिहिताना “नियमित प्रार्थना करायची” हे वाक्य खोडा. किती वाजता, कुठल्या कोपऱ्यात, गुडघ्यावर की पाटावर बसून, मोठ्याने की पुटपुटत, नावं कोणत्या क्रमाने घ्यायची, भांडण झालेल्या जावेचं नाव गाळायची की मुद्दाम आधी घ्यायची, हे लिहा.

फोटो

चिकट पानांच्या अल्बममधून जुने फोटो ओढून काढू नका, पान चिरतं आणि फोटोची पाठ सोलते. आधी पानासकट स्कॅन करा. काढायचाच असेल तर बारीक, मजबूत धागा फोटोखालून करवतीसारखा सावकाश सरकवा. काचेला चिकटलेल्या फोटोला हात लावू नका; फ्लॅश बंद करून, खिडकीच्या बाजूच्या उजेडात, काचेत प्रतिबिंब येणार नाही अशा कोनातून फोटो घ्या. पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआयला, पासपोर्टएवढा १२०० ला स्कॅन करा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो छापण्याच्या लायकीचा राहत नाही. नावं मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने, बॉलपेनने नाही. शाई आणि दाब दोन्ही समोर उमटतात. आधार, जातीचा दाखला, बँक पासबुक यांचे फोटो पुस्तिकेत घालू नका.

एक पदार्थ, मोजून

पुस्तिकेत एकच पाककृती द्या, पण ती करता येईल अशी. “अंदाजाने मसाला” हे निरुपयोगी. आजीच्या हाताखाली शिकलेल्या सुनेला तो पदार्थ करायला सांगा. मसाल्याचा डबा काट्यावर ठेवा, तिने घेतल्यावर पुन्हा वजन करा. फरक म्हणजे तिची मूठ. आजीची वाटी पाण्याने काठोकाठ भरून ते पाणी मोजा, म्हणजे वाटी किती मिलीलिटरची ते कळेल. कळण्याच्या भाकरीचं पीठ साधारण चार भाग ज्वारीला एक भाग सालीचे उडीद असं दळतात, पण घरोघरी प्रमाण हलतं, आणि मीठ दळतानाच घालतात की नाही यावर चव फिरते. आजीचं प्रमाण तिच्या गिरणीवाल्यालाही ठाऊक असतं. नाताळचा फराळ निवडलात तर किती किलोचा घाणा होता आणि किती घरी ताटं जायची, तेही लिहा.

लिहिणं

ए-५ आकाराच्या पृष्ठावर १३ पॉइंट अक्षरात सुमारे २३० शब्द मावतात. ३२ पृष्ठांतली दहा-बारा फोटोंना आणि शीर्षकांना गेली, तर मजकूर ४,५०० शब्दांच्या आसपास. तो एकानेच लिहावा. पाच भावंडांनी पाच तुकडे लिहिले की पाच वेगळ्या आज्या तयार होतात. बाकीच्यांनी वाचून दुरुस्त्या द्याव्यात, आणि दुरुस्त्यांना शेवटची तारीख असावी.

आजीला घरात ‘ती’ म्हणत असाल तर पुस्तिकेतही ‘ती’च ठेवा. “आजी म्हणत असत” आणि “आजी ओरडायची” एकाच परिच्छेदात आलं की वाचणारा ठेचकाळतो. उपासनेत पाळकसाहेब वाचणार असतील तर तेवढ्या मजकुरात मात्र ‘त्या’.

प्रत्येक वाक्याला एक कसोटी : हे शेजारच्या आजीबद्दलही म्हणता येईल का? “आजी काटकसरी होती” हे कोणाबद्दलही खरं ठरेल. “साखरेच्या पोत्याची सुतळी उसवून ती गुंडाळून ठेवायची, ट्रंकेत तिचा नारळाएवढा गोळा निघाला” हे एकीबद्दलच. पहिलं खोडा, दुसरं ठेवा, आणि दुसऱ्याच्या शेपटाला पहिलं जोडू नका.

लहानपणी गेलेल्या लेकरांची नावं गाळू नका. आजीने ती आयुष्यभर मोजलेली असतात, तिला “किती मुलं?” विचारलं की ती त्यांच्यासकट आकडा सांगायची. जमिनीची वाटणी, उसनवारी, कोणाचं मोडलेलं लग्न यातलं जिवंत माणसाशी संबंधित काहीही त्या माणसाचा होकार घेतल्याशिवाय छापू नका. होकार व्हॉइस मेसेजवर आला तरी चालेल, पण तो जपून ठेवा.

छापखाना

दर विचारताना ‘३२ पृष्ठे’ म्हणा, ‘३२ पानं’ नाही; ३२ पृष्ठे म्हणजे १६ पानं, आणि हा घोळ दरात दुप्पट फरक पाडतो. मध्ये पिन मारायची तर पृष्ठसंख्या चारच्या पटीत हवी. आतला कागद १०० जीएसएम (कागदाच्या जाडीचं माप), मुखपृष्ठ २५० ते ३००. प्रती घरांप्रमाणे मोजा, डोक्यांप्रमाणे नाही, आणि त्यावर वीस जास्त.

मोठं संकट फॉन्टचं. तुम्ही मोबाईलवर किंवा संगणकावर युनिकोडमध्ये टाइप करता. कित्येक छापखाने अजून जुन्या फॉन्टमध्ये पान लावतात. मजकूर बदलताना ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’, रफार, ‘ॲ’ आणि अनुस्वार घसरतात. ‘ख्रिस्त’चा ‘खि्रस्त’ झालेल्या पुस्तिका घरोघरी सापडतील. म्हणून आपली फाईल तपासून भागत नाही. छापखान्यात पान लागल्यानंतरची पीडीएफ कागदावर छापून घ्या आणि दोघांनी, एकाने मूळ मोठ्याने वाचत, दुसऱ्याने बोट ठेवत, तपासा. नावं, तारखा आणि ओव्यांचे संदर्भ तिसऱ्यांदा. कबरीवरच्या फरशीलाही हेच लागू : कारागिराला मोबाईलवर मजकूर पाठवू नका, पूर्ण मापाचा कागद द्या. दगडातलं जोडाक्षर दुरुस्त होत नाही.

उपासनेत वाचायचा वृत्तांत ७०० शब्दांच्या आत ठेवा, म्हणजे सहा मिनिटं. पुस्तिका दारात येतानाच वाटल्या तर लोक संदेशाच्या वेळी फोटो बघत बसतात, निघताना द्या.

शेवटची दोन पृष्ठे कोरी सोडा आणि वर फक्त “तुम्हाला आठवतं ते” एवढं छापा. पहिल्या आठवड्यात फोन येतातच : अमक्या फोटोतली ती बाई मावशी नाही, बोर्डिंगच्या मेट्रन आहेत, लग्न अमळनेरला नाही, पारोळ्याला झालं. अशा दुरुस्त्या सांगणाऱ्याच्या नावासह एका वहीत लिहा, महिन्याभराने एक पानी शुद्धिपत्र काढा आणि राखून ठेवलेल्या प्रतींत घाला. एक प्रत शुद्धिपत्रासह मंडळीच्या कपाटात, रजिस्टरांशेजारी ठेवायला द्या.